तुझे कोरल मी नाही मारले, सुजाता

सुजाता, तुझा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम परवा झाला. भन्तेजी आले, त्रिशरण-पंचशील झालं, तुझ्या बँकेतल्या बाया आल्या आणि रडल्या. सगळे तुझ्याबद्दल चांगलंच बोलले. किती शांत, किती समजदार, काही अडलं तर सुजाता मॅडमले विचारा. मग कोणीतरी म्हणालं, थोरल्या जाऊबाईंनी दोन शब्द बोलावे. मी उभी राहिली, "चांगली होती" एवढं बोलली आणि बसली. लोकांले वाटलं मले गहिवरून आलं. मले राग आला होता वं. माइकवर बोलण्यासारखा नव्हता म्हणून तिथं गिळला, आता इथं लिहून राहिली.

मेलेल्या माणसावर चिडू नये म्हणतात. म्हणो बापडे. मी तुझी थोरली जाऊ आहो, एका घरात, एका नळाच्या पाण्यावर आपण इतकी वर्षं काढली, तेवढा हक्क माझा आहे. तू मले चार लोकांसमोर खुनी ठरवलं आणि त्याच्याबद्दल पुन्हा एक शब्द न बोलता निघून गेली. हे मी ऐकून घेणार नाही.

बुद्ध पौर्णिमेचा दिवस आठव. हॉल पाहुण्यांनी भरला होता. मी मूर्तीपुढं मेणबत्ती लावली, अगरबत्ती लावली आणि खीर वाट्यांमध्ये काढून राहिली होती. तू जिन्यावरून उतरली, कोणाले जयभीम नाही, काही नाही, सरळ गेली, अगरबत्ती उचलली आणि बाहेर कुंडीत खुपसून आली.

"ताई, कितीदा सांगू तुमाले? धूर नाही पायजे टँकजवळ. कोरल मरून राहिले माझे."

"एका दिवसाच्या अगरबत्तीनं कोणी मरत नाही," मी म्हटलं. "राहू दे वं आजच्या दिवस."

"आज अगरबत्ती, आधी ते फिनाईल, तो कूलर. तुम्हीच मारून राहिल्या त्यांले."

माझ्या हातातला पळा हातातच राहिला. पाहुण्या बाया खिरीच्या वाटीत पाहायले लागल्या. मी म्हटलं, "मग उचल तुझा समुद्र आणि ने वरती." तो वर नेता येत नाही हे तुलेही माहीत होतं, मलेही. तू खीर न खाता गेली. आपलं हे काही पहिलं भांडण नव्हतं. दर वेळी दोन-तीन दिवसांनी तूच वाटी घेऊन जिन्यावरून उतरायची, "ताई, पाहा बरं, मीठ बरोबर झालं का," आणि विषय तिथंच संपायचा. या वेळीही मी वाटीची वाट पाहून राहिली होती.

खाऱ्या पाण्यानं भरलेला हा एवढा मोठा काचेचा टँक माझ्या हॉलमध्ये काहून आहे, हे तुझ्या मागं आलेल्या प्रत्येक माणसानं मले विचारलं, आणि प्रत्येकाले मीच सांगत बसली. की आम्ही सगळे मालवणले गेलो होतो. की आमची सुजाता तोंडाले नळी लावून पाण्यात उतरली आणि वर आली ते डोळे पुसत. "ताई, खाली कोरलचा बगीचा आहे." नागपुरातून कोणत्याही दिशेनं निघा, समुद्र यायले अख्खा दिवस आणि वर रात्र लागते, आणि तुले तो घरात पायजे होता. वरच्या मजल्याची स्लॅब एवढं वजन झेलणार नाही असं मिस्त्रीनं सांगितलं, म्हणून टँक खाली आला आणि माझी काचेची शोकेस मागच्या खोलीत गेली. पाण्यात पोतंभर मीठ कालवलं, दगड रचले, निळा दिवा लावला. मी विनयले म्हटलं, तुझ्या बायकोचं डोकं फिरलं आहे. तो हसला. तुझ्यासमोर त्याचं कधी काही चाललं नाही, मागंही नाही.

आणि मग काय झालं तेही सांगते, नाहीतर म्हणशीन ताई अर्धंच सांगते. माझी शाळा रामटेककडं. चौथीच्या वर्गाशी दिवसभर बोंबलून, बसमध्ये उभी राहून घरी आली की माझ्यात जीव राहत नव्हता. तू बँकेतून आलेली असायची, चहा तयार. आपण दोघी टँकसमोर बसायचो. मी वह्या तपासायची, तू ड्रॉपरनं एकेका कोरलले खाऊ घालायची, लेकराले दूध पाजावं तसं. तू त्यांची इंग्रजी नावं सांगायची, मी माझी ठेवायची. पिवळट, कडा गुंडाळलेला, तो माझा कोबी. तो दुसरा, दिवसभर इवल्या इवल्या मुठी उघडायचा आणि मिटायचा, तो माझा पहिलीचा वर्ग. "ताई, हा प्राणी आहे, भाजी नाही," तू चिडायची, पण बँकेतल्या बायांले दाखवताना तूही कोबीच म्हणायची, मी ऐकलं आहे. माझं पोटाचं ऑपरेशन झालं तेव्हा तू माझी खाट त्याच्यासमोर लावली, सुट्टी टाकली आणि माझं सगळं केलं, सगळं. सख्ख्या बहिणीनं केलं नसतं. मी तुले त्याबद्दल कधी काही म्हटलं नाही. घरच्या माणसाले काय थँक्यू म्हणायचं.

म्हणून सांगते, त्या टँकवर माझाही जीव होता. मी कशाले मारीन त्यांले?

दिवाळीनंतर गोगलगायी मेल्या. काच साफ करत फिरायच्या बिचाऱ्या, एकेक करून खाली पडल्या. तू म्हटलं, वय झालं असंन. मग तो लाल पट्ट्याचा झिंगा मेला, माशांच्या अंगावरची घाण काढायचा तो. मग पहिलीचा वर्ग थंड पडला. मुठी उघडेचनात, आणि नंतर मेणासारखा ओघळून गेला. कोबी आकसला, त्याच्या कडा पांढऱ्या पडल्या. मासे मात्र टणटणीत, खाऊन-पिऊन खुशाल. तू दर रविवारी टेबलावर बाटल्या मांडून बसायची. नळीत पाणी घ्यायची, थेंब टाकायची, रंग कागदाशी जुळवायची. खारेपणा बरोबर, कॅल्शियम बरोबर, सगळं बरोबर. दिवा बदलला, पंप बदलला, चोवीस तास एसी. सगळं बरोबर आणि कोरल मरून राहिले, मग आता दोष कोणाचा? जी बाई खाली राहते तिचा.

मार्चमध्ये मी कूलरमध्ये नवी खस भरली. नागपुरात उन्हाळ्यात कूलरशी वैर घेणारी बाई मी एक तूच पाहिली. एसीनं माझे गुडघे धरतात, तुले माहीत होतं. तू म्हणे, कूलरच्या हवेनं धूळ उडते, ती टँकमध्ये पडते. मी कूलर मागच्या खोलीत नेला. फिनाईल बंद केलं, साध्या पाण्यानं फरशी पुसली. डासांचं मशीन काढून ठेवलं आणि रात्रभर डास मारत बसली. कोरल तरी मरतच राहिले. तुझ्याजवळ बी.एस्सी.ची डिग्री आहे वं, एवढं समजायले नको? कारण काढून टाकलं आणि तरी रोग राहिला, तर ते कारण नव्हतं. एवढं मी चौथीच्या पोरांले शिकवते.

पौर्णिमेच्या भांडणाच्या दोन दिवसांनी विनय गोडाऊनची चाबी घरी विसरला. वाडीले गोडाऊनपुढं ट्रक येऊन उभा, माल उतरवायचा, आणि चाबी वर तुमच्या फ्रिजवर. भर दुपारी त्यानं तुले फोन केला, "आणून देते का जरा?" तू डोक्याले ओढणी गुंडाळून गाडीवर अमरावती रोडनं गेली, चाबी देऊन आली आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर बसली. आपलं बोलणं बंद होतं. तरी तू मले हाक मारली. "ताई, डोकं..." एवढंच बोलली. मी हात धुऊन येईपर्यंत तू कठड्यावर कलंडली होती.

दवाखान्यात डॉक्टरनं सांगितलं, मेंदूत रक्तस्राव झाला आहे, बीपी फार वर गेलं आहे. मग त्यांनी विचारलं, "बीपीची गोळी चालू आहे ना?" विनय म्हणाला, "हो, रोज घेते." पुऱ्या विश्वासानं म्हणाला. दुसऱ्या दिवशी तू गेली.

आलेल्या प्रत्येक माणसानं एकच म्हटलं. ऊन लागलं. एवढ्या उन्हात काहून पाठवलं बाईले. विनयच्या तोंडावर कोणी बोललं नाही, पण तो काही बहिरा नाही. तो त्या तिसऱ्या पायरीवर जाऊन बसला तो उठेच ना. ताट नेलं तर दोन घास खाऊन परत. रात्री तिथंच भिंतीले डोकं टेकून झोपायचा. मी जवळ गेली की एकच वाक्य. "वहिनी, चाबी मी विसरलो."

त्याले काय सांगणार होती मी? मलेही ऊनच वाटत होतं.

आणि मी माझं खरं सांगते सुजाता, त्या दिवसांत मले दुःखापेक्षा तुझं ते वाक्य जास्त खुपत होतं. तुम्हीच मारून राहिल्या त्यांले. घर बायांनी भरलेलं, सतरंज्या अंथरलेल्या, सगळ्यांच्या पाठीमागं तो निळा उजेड आणि त्यात तुझे ते आकसलेले कोरल. तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, म्हणाले, "दे कोणाले तरी उचलून, आता कोण पाहणार?" मी म्हटलं, खबरदार. आधी मले माहीत झालं पायजे की यांले कोण मारून राहिलं. मग विका, नाहीतर नाल्यात ओता. ते माझ्याकडं पाहतच राहिले, यांनी तरी कधी मले समजून घेतलं म्हणा.

तुझा फोन माझ्याजवळ होता. तुझा तो टँकवाल्यांचा ग्रुप. तुले श्रद्धांजली वाहिली त्यांनी, हात जोडल्याची चित्रं टाकली, आणि लगेच खाली एकानं विचारलं, ताईंचा सेटअप विकायचा आहे का. मी असं उत्तर देणार होती त्याले की टँक ठेवणंच विसरला असता. पण काम होतं. मी तुझ्याच नंबरवरून लिहिलं, "माझ्या टँकमधले कोरल कशाने मरत आहेत?" थोडा वेळ ग्रुपमध्ये पुरी शांतता. मग मले लक्षात आलं की लोकांले मेलेल्या बाईचा मेसेज आला आहे. मी पुन्हा लिहिलं, मी सुजाताची जाऊ आहे, घाबरू नका, प्रश्नाचं उत्तर द्या. सुजाता, तू असती तर तेव्हा पोट धरून हसली असती. मी एकटीच हसली, सतरंजीवर बसून, आणि बाजूच्या काकू माझ्याकडं विचित्र नजरेनं पाहून राहिल्या होत्या.

लोकांनी ढीगभर विचारलं. दिवा किती, पाणी किती गरम, मीठ कोणतं. मी तुझ्या बाटल्या काढून, चष्मा लावून, थेंब मोजून सगळं तपासलं, आणि तुले यायचं तसंच सगळं बरोबर आलं. मग एका बाईनं विचारलं, मासे कसे आहेत? मी म्हटलं, मस्त. गोगलगायी? मेल्या, सगळ्यांत आधी. झिंगा? त्याच्यानंतर. ती म्हणाली, मग पाण्यात धातू उतरत असंल, बहुतेक तांबं. मासे ते सहन करतात, गोगलगायी आणि कोरल नाही करत. तुमच्या नेहमीच्या बाटल्यांमध्ये ते दिसणार नाही, त्याची बाटली वेगळी येते.

बर्डीवरच्या टँकवाल्या दुकानातून मी ती बाटली आणली. टँकचं पाणी नळीत घेतलं, थेंब टाकले, आणि पाणी निळं झालं. कूलरमध्ये कुठं तांबं आहे? अगरबत्तीत कुठं आहे? तिथंच मी सुटली. पण मले तेवढ्यानं भागत नव्हतं.

वर्गात खोडी कोणी काढली हे शोधायचं असलं तर मी सगळ्या पोरांले उभं करत नाही. कोण कोणाजवळ बसतो ते पाहते. या पाण्याजवळ काय काय जाते ते मी एकेक पाहत गेली. नवं मीठ पाण्यात कालवून पाहिलं, साफ. पंप, दिवा, दगड पकडायचे चिमटे, सगळं उलटंपालटं केलं. वर तुझ्या स्वयंपाकघरात जाऊन आरओच्या नळाचं पाणी तपासलं, तेही साफ. मग टँकच्या बाजूले ठेवलेला तो पांढरा कॅन दिसला. टँकचं पाणी वाफ होऊन उडते, उन्हाळ्यात तर जास्तच, म्हणून रोज सकाळी तू त्यात कॅनमधून गोडं पाणी भरायची. तू गेल्यावर मी माझ्याच खालच्या आरओचं पाणी भरत होती, तुझ्या कॅनले हातच लावला नव्हता. अर्धा भरलेला होता. तुझ्या हातचा शेवटचा.

मी त्यातलं पाणी नळीत घेतलं. इतकं निळं झालं की कागदावर तेवढा रंगच नव्हता.

नळ साफ आणि कॅन खराब. मधात काय होतं? मधात तुझा तो पाणी भरायचा गुंड होता. भंडाऱ्याले मावसबहिणीच्या लग्नाले गेली आणि तांब्याचा गुंड घेऊन आली, दिवाळीच्या आधी. रोज संध्याकाळी आरओचं पाणी त्यात भरायची, सकाळी अनशापोटी दोन पेले प्यायची. दर रविवारी चिंच-मीठ लावून असा घासायची की त्यात तोंड दिसावं. आणि रात्रीचं उरलेलं पाणी शिळं म्हणून फेकायचं नाही. उन्हाळ्यात पाणी फेकायले आपल्या घरात कोणाचाच जीव होत नाही. ते तू कॅनमध्ये ओतून खाली आणायची. टँकमधून पाणी उडून जाते, तांबं कुठं उडते? रोज थोडं, रोज थोडं, सहा-सात महिने. आणि तू दर रविवारी एका हातानं गुंड घासून राहिली होती आणि दुसऱ्या हातानं थेंब मोजून राहिली होती.

मी कॅन उचलला आणि तरातरा जिना चढायले लागली. तुझ्या पुढ्यात आपटायचा होता मले तो. घे, पाहा, कोण मारून राहिलं पाहा. तिसऱ्या पायरीवर विनयच्या पायाले अडखळली तेव्हा आठवलं की वर तू नाही. इतका राग मले माझ्या अख्ख्या आयुष्यात आला नाही. भांडण जिंकली आणि हरणारीच घरात नाही.

तशीच वर गेली. गुंड ओट्यावर होता, लखलखून राहिला होता. तिथं उभ्याउभ्या मले तुझी एक गोष्ट आठवली. संक्रांतीच्या आसपास असंन. मी विचारलं होतं, "गोळी घेते ना वं वेळेवर?" आणि तू गुंडावर टिचकी मारून म्हणाली होती, "आता हीच माझी गोळी, ताई." मी हसली. तू पण हसली. तुझा तो मोबाईलवरचा व्हिडिओ, तांब्याच्या पाण्यानं रक्त पातळ होते, बीपी आपोआप जागेवर येते, तू मलेही पाठवला होता. मी न पाहता पुसून टाकला.

मी तुझा औषधाचा डबा उघडला. पट्ट्यावर पट्ट्या, रबर लावून ठेवलेल्या. पहिल्या पट्टीतल्या दोन-चार गोळ्या काढलेल्या, बाकी सगळ्या जशाच्या तशा. विनय दर महिन्याले आठवणीनं आणून देत होता आणि तू आठवणीनं डब्यात ठेवून देत होती.

आता बोल. सांग मले. आपल्या आजेसासऱ्यांनी छप्पन साली घरातले देव सोडले, गंडे-ताईत सोडले, भावकीच्या शिव्या खाल्ल्या, की पोरांनी डोक्यानं चालावं. त्या घरात लग्न करून आली तू, पहिली बी.एस्सी. झालेली सून. सासरे येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगायचे, आमच्या सुनबाईले विचारल्याशिवाय आम्ही डॉक्टरकडंही जात नाही. आणि तू एका गुंडाच्या नादी लागली? गोळीनं मरगळ येते म्हणून कुरकुर करायची, मग डॉक्टरले सांगायचं, गोळी बदलून मागायची. मले सांगायचं, मी कान धरून नेली असती. नवऱ्यासमोर रोज खोटं बोलली. टँकच्या पाण्याचे सगळे आकडे तुले पाठ होते, आणि बीपीचं मशीन मी पुढं केलं की म्हणायची, "ताई, ते चुकीचं दाखवते." चुकीचं नव्हतं दाखवत. तुले आवडत नव्हतं ते दाखवत होतं.

तू मूर्ख नव्हती. मूर्ख असती तर मी इतकी चिडली नसती.

टँकचं सांगते. मी अर्ध्याहून जास्त पाणी बदललं, आणखी बदलून राहिली. तांबं शोषणारी एक पिशवी येते, ती लावली आहे. ग्रुपवाली बाई म्हणते, तांबं दगडात आणि वाळूत मुरलं आहे, कित्येक महिने थोडं थोडं सुटत राहीन, काही सांगता येत नाही. कोबीचा एक तुकडा जिवंत आहे. बाकीचं काही वाचेल असं मले वाटत नाही.

आणि विनय पायरीवरच होता. मी तुझ्या भासऱ्यांले डबा दाखवला. ते झाकण लावत म्हणाले, "राहू दे. गेलेल्या बाईले कशाले उघडं पाडायचं? सगळे तिले किती चांगलं म्हणून राहिले." मी दोन दिवस विचार केला. तुझं नाव राहावं असं मलेही वाटते वं, खोटं नाही सांगत. आपल्या घरात सगळ्यांत शहाणी कोण म्हटलं तर मीच तुझ्याकडं बोट दाखवलं असतं. पण तू गेली आणि हा इथं वाळून राहिला. मी डबा घेऊन त्याच्या खालच्या पायरीवर जाऊन बसली.

"विनय, हे पाहा."

त्यानं डबा उघडला. एक पट्टी काढली, दुसरी काढली. मग सगळ्या मांडीवर ओतल्या.

"हे काय आहे, वहिनी?"

"तिनं घेतल्या नाहीत. दिवाळीपासून नाही घेतल्या. गुंडाचं पाणी पिऊन राहिली होती."

त्याचा चेहरा असा झाला की मले वाटलं आता हा मले मारतो. "मेल्यावरही तिचीच चूक काढता तुम्ही," तो म्हणाला. "तुमचं दोघींचं भांडण होतं म्हणून." पट्ट्या तिथंच टाकून तो वर गेला आणि दार लावून घेतलं. मी एकेक वेचली. मले त्याचं वाईट नाही वाटलं. तुझा राग आला. तो मले जे बोलला ते तुझ्या वाट्याचं होतं.

काल संध्याकाळी तो खाली आला. मी टँकमध्ये पाणी भरून राहिली होती. तो माझ्या बाजूले उभा राहिला, तू गेल्यापासून पहिल्यांदा टँकजवळ आला. मी नवा कॅन ओतत राहिली.

"डॉक्टरले मी हो म्हटलं होतं," तो म्हणाला. "रोज घेते म्हटलं होतं."

"तुले काय माहीत होतं?"

"ऊन पण होतंच, वहिनी."

"होतं ना. अर्धं नागपूर त्या उन्हात गाडी चालवून राहिलं होतं, विनय. चाबी घेऊन मी गेली असती तर घरी येऊन पन्हं प्यायली असती आणि तुले शिव्या दिल्या असत्या."

त्यानं काचेवरचा ओघळ बोटानं पुसला. मग त्यानं विचारलं, अगदी हळू, माझ्या वर्गातलं पोरगं विचारते तसं.

"म्हणजे मी नाही मारलं ना तिले?"

"नाही रे बाबा," मी म्हटलं. "तू नाही."

तो खाली बसला आणि मोठ्यानं रडला, शेजारचे दारात येईपर्यंत. मी त्याले रडू दिलं. पण सुजाता, हे त्याले मी सांगायचं नव्हतं. हा सवालच त्याच्या तोंडी यायले नको होता. एक गोळी गिळायले घोटभर पाणी लागते. कोणत्याही भांड्यातलं चाललं असतं वं.